काचेवरची सही

मी मुळात भित्रा माणूस. कुत्र्याला भितो, साहेबाला भितो, आणि दोन हजारच्या दशकाच्या शेवटी हातात ते मशीन आलं तेव्हापासून त्याला सगळ्यात जास्त भ्यायला लागलो.

नाशकात मी कुरिअरची पाकिटं वाटायचो. आधी कागदावर सही घेतली की विषय संपायचा. मग एका सकाळी साहेबांनी आम्हा सगळ्यांच्या हातात एकेक काळं धूड ठेवलं. वर काच, कडेला दोरीला बांधलेली प्लास्टिकची काडी. पाकिटावरच्या काळ्या पट्ट्यांवर लाल उजेड मारायचा, पीप वाजलं की काडीने काचेवर सही घ्यायची. संध्याकाळी ऑफिसात मशीन चार्जिंगच्या खाचेत बसवलं, की दिवसभराच्या सह्या कॉम्प्युटरवर जाणार आणि पाठवणारा जगात कुठेही बसून त्या बघणार. "हे पडलं तर तू पण पडलास," साहेब म्हणाले. मी ते शर्टाच्या आत, पोटाशी धरून गाडी चालवायचो. पोरं म्हणायची, "काय राव, कितवा महिना?"

आमच्यातले काही जण गिऱ्हाईक सापडलं नाही की स्वतःच काचेवर रेघ मारून मोकळे व्हायचे. साहेबांना हे माहीत होतं. त्यामुळे वाकडी सही दिसली की आधी आम्हीच चोर.

सिडकोत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. मुलगा अमेरिकेत. तो मुंबईच्या औषधवाल्याला सांगून दर महिन्याला त्यांच्या गोळ्या कुरिअरने पाठवायचा. मशीन पहिल्यांदा पुढे केलं तेव्हा आजी हात मागे घेऊन म्हणाल्या, "शॉक नाही ना रे बसत?" पण ही सही आपला मुलगा तिकडे बघतो, हे त्याने फोनवर सांगितल्यापासून आजींचा थाटच बदलला. पदराला हात पुसायच्या, चष्मा लावायच्या, आणि पूर्ण नाव लिहायच्या, एकेक अक्षर कोरत. शेवटी सगळ्या नावावर एक सरळ रेघ. मी इकडे चुळबुळ करतोय, पिशवीत ढीगभर पाकिटं, खाली गाडी उन्हात. "आजी, आटपा ना, नुसती सही करा!" त्या हसून म्हणायच्या, "थांब रे, त्याला नीट दिसली पाहिजे." मग मशीन शेवटचं पीप करायचं आणि त्या विचारायच्या, "गेलं का त्याच्याकडे?" संध्याकाळी जाणार, हे कितीदा सांगितलं तरी त्यांना वाटायचं, पीप वाजलं म्हणजे पोचलं.

त्या दिवशी मी वर गेलो तर दुधाची पिशवी दाराच्या कडीला तशीच. फुगलेली, नासलेली. बेल वाजवली. हाका मारल्या. काही नाही. दाराला बाहेर कुलूप नव्हतं.

पाकीट आधीच स्कॅन केलं होतं आणि मशीन उत्तर मागत होतं. पर्याय ठरलेले. दिलं, दार बंद, पत्ता चुकीचा, नाकारलं. साहेबांना फोन लावला. "दार बंद टाक आणि पुढे हो."

"साहेब, आतून कडी आहे."

"मग? तू काय पोलीस आहेस?"

खरं सांगतो, माझी फाटली. त्याच गल्लीत आदल्या वर्षी घरफोडी झाली होती आणि आमच्यातल्या एकाला पोलिसांनी दिवसभर चौकीत बसवून ठेवलं होतं, का तर तो दुपारी जिन्यात दिसला होता. आत एकटी म्हातारी, बाहेर मी. काही भलतंसलतं निघालं तर पहिला हात कोणाच्या मानेवर पडणार होता? बोट "दार बंद"वर नेलं.

मग काय सुचलं कोण जाणे. वाकलो, मशीन दाराखालच्या फटीशी धरलं आणि तेच पाकीट परत स्कॅन केलं. एकदा स्कॅन झालेलं पाकीट पुन्हा दाखवलं की ते रागावून लांब पीप करायचं. पीऽऽप. परत. पीऽऽप. आणि आतून, खूप आतून, फरशीवर भांडं आपटल्याचा आवाज आला.

मी ओरडत वर पळालो. वरच्या मजल्यावर अंबडच्या कंपनीतला एक कामगार रात्रपाळी करून झोपला होता. तो खाली आला आणि पहिली माझीच कॉलर धरली. "दाराशी काय करत होतास रे?" मी नुसतं मशीन दाखवून पीप वाजवलं. परत भांडं आपटलं. मग त्याने कॉलर सोडली आणि खांद्याने दार तोडलं.

आजी स्वयंपाकघरात पडल्या होत्या. एक पाय वेडावाकडा. पहाटेपासून तशाच. ओठ सुकलेले, हातात वाटी. तो कामगार अँब्युलन्सला फोन करायला गॅलरीत गेला. मी त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं.

"सही घे," त्या म्हणाल्या.

"आजी, सही गेली खड्ड्यात!"

"घे म्हणते ना. सही दिसली की तो निर्धास्त असतो. आणि त्याला काही सांगू नकोस. उगाच घाबरेल."

मी मशीन त्यांच्या हाताशी धरलं. अक्षरं एकमेकांवर चढली. वरची रेघ मारायला काडी उचलली आणि हात खाली पडला. त्या काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "गेलं आजी, पोचलं."

अँब्युलन्स आजींना दवाखान्यात घेऊन गेली. संध्याकाळी मशीन खाचेत बसवलं. अजून चहासुद्धा झाला नव्हता, तोच साहेबांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "रेघोट्या मारतोस काय? अमेरिकेतून फोन आहे. सही आईची नाही म्हणतोय. तू मारली असशील तर आत्ताच सांग. उद्यापासून येऊ नकोस." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी मारली म्हटलं असतं तर नोकरी गेली असती आणि आजींचा शब्द राहिला असता.

"तुम्हीच पाकीट दिलंत ना?" तिकडून आवाज आला. तो रागावलेला नव्हता. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. "आई वरची रेघ कधी सोडत नाही. ही सही कोणी केली?"

साहेब माझ्याकडे बघत होते.

"त्यांनीच केली," मी म्हणालो. "जमिनीवर पडून केली. दादा, तुम्ही या."