दोन डाव्या बाह्या

कोट शिवणारे मास्तर तोंड उघडत ते ‘निदान’ म्हणूनच. धाकट्या भावाने मोठं घर घेतलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "निदान मला रात्री झोप तरी लागते." डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं निदान सांगितलं, तर यांचं उत्तर तयार, "निदान डावा तरी शाबूत आहे!" यातलं आपलं निदान कोणतं, ते डॉक्टरांना क्षणभर कळेना.

या साऱ्या निदानांचा पाया मात्र दुकानात, शेजारच्या मशीनवर बसायचा. त्याला सगळे उसवण म्हणत. नाव मास्तरांनीच ठेवलेलं. गडी शिवतो कमी, उसवतो जास्त, असं त्यांचं म्हणणं. खरं तर तो बरा शिवायचा. पण मास्तरांनी रोज त्याच्या खांद्यावरून वाकून "ही शिलाई आहे की घाटातला रस्ता?" असं विचारायचं आणि त्याने ओशाळं हसून पुन्हा शिवायला घ्यायचं, हे वर्षानुवर्षं चाललेलं. संध्याकाळी ताटावर बसलं की बायको विचारायची, "अहो, आज काय केलं त्याने?" मग मास्तर असे रंगात येत, की भावाच्या घराची आठवणच येत नसे.

पुढे तयार कपड्यांनी दुकान रोडावलं. दुकानाचे मालक म्हणाले, "दोन मशीनं काही परवडत नाहीत. बघू." त्या ‘बघू’नंतर दोघांच्याही माना वर झाल्या नाहीत.

अशात एका कोटाला कापड कमी पडलं. एरवी मास्तर कापड दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापत. या वेळी एकेक सुटी कापली, आणि दुसऱ्या खेपेला बाहीचा कागदी नमुना उलटवायचा राहून गेला. कापडाला तर उलटी-सुलटी बाजू होती, त्यामुळे बाही पालटून लावायचीही सोय नव्हती. मालकांनी बाह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही डाव्या.

"हे काय, मास्तर?"

मास्तरांना एका नजरेत कळलं. खडूची रेघ आपली, कात्री आपली. तोंडातून मात्र सवयीने निघून गेलं, "दुसरं कोण? उसवण!"

उसवणने एक बाही उचलली, उलटसुलट केली आणि ओशाळं हसला. त्या आठवड्यात त्याचं मशीन विकलं गेलं.

काही दिवसांनी मास्तर त्याच्या घरी गेले. सगळं सांगून टाकायचं, असं वाटेत पक्कं केलं होतं. एकच खोली. खिडकीशी उसवण उशांचे अभ्रे शिवत होता. त्याने गडबडीने खुर्ची मोकळी केली.

"मास्तर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? चूक माझीच होती."

"तू कापल्याचं आठवतं का तुला?"

"आठवत तर नाही. पण माझ्याच हातून झाली असणार. तुमच्या हातून कशी होईल?" त्याने हातातला अभ्रा पुढे केला. "आता साध्या अभ्र्यालाही धीर होत नाही बघा. ही शिलाई सरळ आहे का?"

मास्तरांच्या अधू नजरेलाही दिसत होतं, शिलाई ओळंब्यासारखी सरळ होती. सांगायचं ते अगदी जिभेवर आलं. पण ते सांगितलं, की त्या खोलीत चुकणारा माणूस एकच उरत होता, आणि तो उसवण नव्हता.

"जराशी वाकडी आहे," मास्तर म्हणाले.

"तरी मला वाटलंच," असं म्हणून उसवण खाली बसला आणि एकेक टाका उसवू लागला.