हिरव्या टॅगवरची तारीख

तुमचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी मोजलं? ‘व्हिसाच्या मेडिकलला सगळं झालंय की,’ असं उत्तर मनात आलं असेल, तर माझा मामाही हेच म्हणायचा.

सहा आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, मामाच्या खोलीतल्या सुरेशचा आईला फोन आला. ड्यूटीवर निघताना दत्तामामा बूट घालायला वाकला आणि तसाच कोसळला. आम्ही अल मनखूलच्या आमच्या घरून हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, प्रेशर बरीच वर्षं वाढलेलं असणार, कधी तपासलं नव्हतं का? मामा एक्कावन्न वर्षांचा होता.

मूळचा संगमेश्वरकडचा मामा इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीत, एका खोलीत चौघांबरोबर राहायचा. बांधकामावरच्या परांच्या तपासणं हे त्याचं काम. लोखंडी पाइपांचा तो सांगाडा दर सात दिवसांनी स्वतः हलवून बघायचा, सैल काही असेल ते आवळून घ्यायचा आणि मग सही-तारीख घालून त्यावर हिरवा टॅग लटकवायचा. तारीख उलटली की कुणालाही वर चढू द्यायचा नाही. एकदा इंजिनिअर ओरडला, “हबीबी, कल तो ठीक था!” मामा वाट अडवून उभाच. “कल का कल था, साहेब.” दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. एसीची जाळी काढताना आई एकदा घरातल्या शिडीवर डगमगली, तेव्हापासून त्या शिडीलाही टॅग लागला. आल्या आल्या शिडी हलवायची, पेनने नवी तारीख टाकायची, मगच जेवायला बसायचं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा मुंबईत चळवळीत होते, त्यांचीच पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले. म्हणून मामाच्या बिल्डिंगसाठी मीही एक पत्रक काढलं: चाळिशीनंतर प्रेशर आणि साखर तपासून घ्या. मामाने ते अभिमानाने सगळ्यांना वाटलं.

“आणि तू कधी तपासलंस?” मी विचारलं.

“अगं पुढारीणबाई, मागच्याच महिन्यात व्हिसाचं मेडिकल झालं. रक्त काढलं, छातीचा फोटो काढला. फिट! छापील कागद आहे माझ्याकडे.”

“मामा, त्यात एकाकडून दुसऱ्याला होणारे रोग बघतात. तुझं प्रेशर कोण बघतंय?”

“सुट्टीत गावी गेलो की दाखवतो, इन्शाल्ला. यल्ला, चल, सोलकढी आण.”

मी वाद घातला, चिडले आणि दुसरं पत्रक लिहायला बसले. क्लिनिक आमच्या कोपऱ्यावरच होतं. पण हात धरून मी त्याला तिथे नेलं नाही. जो माणूस सात दिवसांपूर्वीच्या सहीवर विश्वास ठेवत नव्हता, तो स्वतःच्या बाबतीत दोन वर्षं चालणाऱ्या एका कागदावर निर्धास्त होता. आपण सगळेच असे. गाडी दरवर्षी तपासणीला नेतो आणि शरीर गावच्या सुट्टीवर ढकलतो! सुरेश म्हणाला, मामाचं कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. वाढलेलं प्रेशर बहुतेकदा काहीच कळू देत नाही.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही घरचे सगळे क्लिनिकमध्ये गेलो. आईचं प्रेशर ठीक निघालं, बाबांची साखर वाढलेली. माझ्या दंडाला पट्टा बांधताना नर्सने विचारलं, “पहली बार?” मी मान डोलावली. आकडा बघून तिने पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं, पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा जास्तच. मी चोवीस वर्षांची आहे... लोकांना ‘चाळिशीनंतर’ म्हणून सांगत होते. आता फरसाणाचा डबा बंद आहे, संध्याकाळी पाऊण तास चालते, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायचंय. पत्रकातला ‘चाळिशीनंतर’ खोडून टाकलाय.

शिडी अजून स्वयंपाकघरातच आहे. टॅगवर मामाच्या अक्षरात शेवटच्या रविवारची तारीख आहे. ती केव्हाच उलटली, म्हणून आई कुणाला चढू देत नाही. एसीच्या जाळीवर धूळ साठलीय.

वाचून नुसते हळहळू नका. ‘मी फिट आहे’ म्हणणारा एक तरी माणूस तुमच्या घरात, खोलीत, साइटवर असेल. या आठवड्यात त्याचा हात धरून त्याला क्लिनिकमध्ये न्या. आणि तिथे आधी तुमची बाही वर करा.