दुपारच्या थप्पीचा पिवळा कागद

"चार दिवसांत खरं काय ते सांगा, रहीमभाई. नाहीतर पाचव्या दिवशी येऊ नका," मॅनेजरसाहेब म्हणाले.

टेबलावर रिजेक्ट लॉट पडला होता. सर्टिफिकेटांसाठी पाठवलेला कागद शाळेनं परत केला होता, पिवळा पडला म्हणून. रहीमभाई आमच्याकडे लगदा करायचे.

हे घाटंजीकडचं हातकागद केंद्र, साठ सालच्या आसपासचं. मी तिथे वाळवण आणि छाननी बघायची. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं काम करता करता शिकले. आमचा पांढरा कागद सुती चिंध्यांचा. पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडाचा, लगदा वेगळा. तो फाइलींच्या पुठ्ठ्यासाठी. पऱ्हाटीत लिग्निन असतं. काडीला ताठ धरणारी खळच समजा. ऊन लागलं की ते पिवळं पडतं. कापसात ते नसल्यासारखंच.

साहेबांचा संशय सरळ होता. चिंध्या बाहेर विकल्या गेल्या आणि त्यांच्या जागी लगद्यात पऱ्हाटी आली.

"कसम से, साहेब! एक काडी नाही टाकली," रहीमभाई म्हणाले. "लगनाचे दिवस आहेत. हळदीची चिंधी आली असन एखादी."

खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं नाही. सहा लेकरांचा बाप, मन डळमळलं असेल, असंच वाटलं. पण हळदीचा डाग उन्हात उडतो, हे कोणत्या बाईला माहीत नाही? म्हटलं, बघूनच घेऊ.

लॉटचे उरलेले कागद कपाटात होते. सकाळची थप्पी वेगळी, दुपारची वेगळी, अशी आमची रीत. दोन्हींतले पाच-पाच कागद मी अंगणात मांडले, प्रत्येकाचा अर्धा भाग फळीखाली झाकून. हळद असेल तर उघडी बाजू उजळणार. पऱ्हाटी असेल तर गडद होणार.

तिसऱ्या दिवशी फळी उचलली. दुपारचे पाचही कागद उघड्या बाजूला बदामी. रहीमभाईंचा चेहरा उतरला. पण सकाळचे पाच? जसेच्या तसे पांढरे!

दिवसभराचा लगदा तर एकच होता. मग दुपारी बदललं काय?

लगदा कालवायच्या हौदात पाणी भरणाऱ्या तांड्यावरच्या कमळीला विचारलं, "दुपारी पाणी कुठलं घेतेस वं?"

"त्या टाक्यातलं. तुमीच त सांगतलं, बाई! हीर आटून राह्यली, वरचं नितळ पाणी फेकू नका म्हणून."

टाक्यात पऱ्हाटीचा लगदा धुतलेलं पाणी साठायचं. सावलीत नितळ दिसायचं. काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरलं, तर पातळ चहा! पऱ्हाटीचं लिग्निन त्यातच उतरलं होतं. घरी भांड्यांचं पाणी झाडांना घालायची सवय, तीच मी कामावर आणली होती.

तो ग्लास घेऊन मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे गुन्हेगार तुम्ही?"

"हुकूम माझा होता, साहेब. रहीमभाईंचा काही संबंध नाही."

मला मेमो मिळाला. लॉट पुठ्ठ्यात गेला. रहीमभाई कामावर राहिले, पण आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "ताई, तुमाले बी मीच चोर वाटलो ना?"

"वाटलात."

"बरं झालं, कागदच उन्हात ठेवला. मले नाही ठेवलं."

पुढे प्रत्येक लॉटचा एक कागद तीन दिवस उन्हात काढल्याशिवाय मी पास केला नाही. आणि काही बिघडलं की मी आधी पाणी कुठलं ते विचारायची. माणूस कोण, ते नंतर.