आग्नेयेकडे सरकणारा भार

चाळीस वर्षे मी कोल्हापुरात संस्कृत शिकवले. संध्या कधी चुकवली नाही. परंतु भुताखेतांच्या गोष्टी घेऊन कोणी दाराशी आले, तर "आधी नीट झोप घ्या," असेच मी सांगत आलो. ज्याची ईश्वरावर श्रद्धा आहे त्याला भिण्याचे कारणच काय? गेल्या मार्गशीर्षापर्यंत माझे हे मत ठाम होते.

माझा मुलगा श्रीधर आणि सून गौरी यांनी गाडीमागे जोडून ओढायचे फिरते घर बांधून घेतले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, दत्तू मिस्त्रींच्या शेडमध्ये ते तयार झाले — अठरा फूट लांब, आत दोन पलंग, ओटा, न्हाणी. ते घेऊन आंबा घाटाने कोकणात उतरायचे आणि किनाऱ्याने हिंडायचे, असा दोघांचा बेत होता. प्रश्न एकच उरला होता... ओढायला गाडी कोणती? श्रीधरचे मन डबल केबिन पिकअपवर बसले होते, कारण ती शहरातही चालवता येते. मिस्त्री मात्र सहाचाकी ट्रकसाठी हटून बसले होते.

"गुरुजी, वढती का ह्ये इचारू नगासा," ते मला म्हणाले. "समदं वढतंय. घाटात थांबती का, त्ये इचारा. मागचं घर पुढच्या गाडीला ढकलाय लागलं की स्टेअरिंग कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय."

त्यांनी बैलगाडीचा दाखला दिला. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. येथेही तेच. घराच्या वीस क्विंटलांपैकी दोन क्विंटल गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर पडलेच पाहिजेत. कमी पडले, तर ते घर झोके घेत पुढच्या गाडीलाही दरीत नेते. त्यांनी वजन करून तो भार नेमका जुळवला होता आणि आतली प्रत्येक वस्तू बोल्टने बांधली होती.

गौरीने वास्तुशांतीचा आग्रह धरला. घर म्हटल्यावर वास्तू आलीच, हे मलाही पटले. हुपरीहून आणलेली चांदीची इवलीशी वास्तुप्रतिमा मी विधिपूर्वक आग्नेय कोपऱ्यात ठेवली आणि मिस्त्रींनी तिच्यावर पत्रा वेल्ड केला. घर तेव्हा पूर्वाभिमुख उभे होते. म्हणून आग्नेय म्हणजे पुढचा उजवा कोपरा.

दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, चाचणीसाठी मागून आणलेली पिकअप जोडून आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. श्रीधर चालवत होता, मी शेजारी, मिस्त्री मागच्या सीटवर. केर्ली ओलांडल्यावर रस्ता वायव्येला वळला, आणि मागच्या घरात आवाज झाला. धप्... धप्... मी मोजले. सात. जड पावले टाकीत कोणी सावकाश पुढून मागे जावे, तसा.

पिकअपची मागची बाजू वर उचलली गेली. पुढच्याच क्षणी ते घर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागले. समोरून एसटी येत होती. ती अगदी हातभरावरून गेली आणि आम्ही कसेबसे रस्त्याकडेच्या माळावर थांबलो.

दाराचे कुलूप बाहेरून जसेच्या तसे होते. आत एक भांडेही हललेले नव्हते. मिस्त्रींनी दांडा पिकअपपासून सोडवला आणि एका हाताने वर उचलला... दोन क्विंटलांचा दांडा.

"गुरुजी, ह्यात वजनच न्हाय की," ते हळू म्हणाले. दत्तू मिस्त्रींना हळू बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

परत फिरायचे म्हणून दोन वाटसरूंच्या मदतीने आम्ही ते घर हातांनी वळवू लागलो. त्याचे तोंड कोल्हापूरकडे, म्हणजे आग्नेयेकडे आले, आणि आत पुन्हा तीच सात पावले वाजली — आता मागून पुढे. दांडा मिस्त्रींच्या हातून सुटला आणि वीतभर मातीत रुतला. त्यांचा पाय थोडक्यात वाचला. दोन्ही वाटसरू घाईने निघून गेले.

घराने दिशा बदलली की आतले ते जे काही होते, ते आपला कोपरा शोधत चालत होते. शास्त्र सांगते की वास्तुपुरुषाला देवांनी भूमीवर पालथे पाडले आणि त्याच्या एकेका अवयवावर बसून त्याला दाबून धरले. मी ज्याचे आवाहन केले, त्याच्याखाली भूमीच नव्हती. लोखंड होते आणि चार चाके.

जॅक लावून दांडा पुन्हा पिकअपला जोडला आणि बैलाच्या चालीने शेडमध्ये परतलो. तिथे मिस्त्रींनी पत्रा कापला. प्रतिमा पहिल्याच कोपऱ्यात, जागची तसूभरही न हललेली. तोळाभर चांदी. मग चालले कोण?

मी तिथेच विसर्जन केले. नंतर घर चारही दिशांना फिरवून पाहिले; दांड्यावर दोन क्विंटल, ना कमी ना जास्त. श्रीधर सुटकेने हसला आणि आता ओढायला पिकअपच पुरेशी आहे, म्हणाला. हिशेबाने त्याचे बरोबर होते.

परंतु एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. भीतीने माझी वाणी कापत होती आणि आयुष्यभराच्या सवयीने निरोपाचा मंत्र शेवटपर्यंत म्हटला गेला. त्याच्या अखेरीस आपण देवतेला पुन्हा येण्याचे निमंत्रण देतो. मी त्याआधी थांबायला हवे होते.

मुलापुढे मी जन्मात प्रथमच हट्ट धरला आणि सहाचाकी ट्रक घ्यायला लावला. कारण मात्र सांगू शकलो नाही. जाऊच नका, असेही म्हणून पाहिले. तेव्हा गौरी म्हणाली, "बाबा, विसर्जन तुम्हीच केलंत ना? मग आता कसली काळजी?"

या सर्वाचा उलगडा मला आजही झालेला नाही. नुसते बसवत नाही, म्हणून फोन शेजारी ठेवून हे लिहीत आहे. दोघे सकाळीच निघाले. मघाशी घाटाच्या माथ्यावरून गौरीचा निरोप आला — ट्रक छान थांबतो, फक्त काही वळणांवर मागचं घर उगीच हलकं वाटतं. ती वळणे कोणत्या दिशेची, असे मी तत्काळ विचारले. उत्तर अजून आलेले नाही. घाटात रेंज नसते, एवढेच त्याचे कारण असावे.