नाव बंद करणारी डेल्मा

नाइन माईल बोअर या वाळवंटातल्या आदिवासी गावच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं नर्स आहे. एवढ्या काळात अकरा मॅनेजर आले नि गेले, डॉक्टरांची तर गणतीच नको. टिकलो दोघीच, मी आणि डेल्मा. मी आले त्याच वर्षी डेल्माने मला बहीण करून घेतलं, म्हणजे तिचं कूळनाव नपुरुर्ला तेच माझंही झालं. इथे कूळनाव नात्यावरून ठरतं, बहिणींचं एकच, पण आईचं, बापाचं आणि मुलांचं वेगवेगळं. मला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. पुढे कळलं की बहीण झालं की तिच्या भावाच्या मुलांची आत्या व्हावं लागतं, तिच्या वहिनीची नणंद व्हावं लागतं, आणि कुणाच्या दारात कधी जायचं नाही याची भली मोठी यादी पाठ करावी लागते. माझ्यासारख्या गोऱ्या बाईला हे जमायला दहा वर्षं लागली. डेल्मा म्हणे, इथल्या कुत्र्यांनाही दोन वर्षांत जमतं.

डेल्मा वाढली गुरांच्या फार्मवर. आई मालकांकडे भांडी घासायची. सहावीपर्यंत शाळा, मग दवाखान्यात झाडलोट. तिथे मागच्या खोलीत एक करडा खोका होता, सगळ्या गावाचे कागद पोटात घेऊन बसलेला सर्व्हर. तो बघायला अ‍ॅलिस शहरातून वर्षातून तीनदा एक जाडजूड तंत्रज्ञ यायचा. साडेतीनशे किलोमीटरचा कच्चा रस्ता त्याच्या जिवावर यायचा, म्हणून त्याने झाडणाऱ्या बाईलाच सगळं शिकवून टाकलं. त्याच्या आळसावर डेल्मा मोठी झाली. लाल धूळ आत शिरू नये म्हणून ती रंगाऱ्याच्या ब्रशाने खोका रोज साफ करायची, आणि तो बंद पडला की त्याला शेलक्या शिव्या घालायची. अख्ख्या दवाखान्यात एसी कधी बंद न होणारी ती एकच खोली, त्यामुळे उन्हाळ्यात कुत्री आणि मॅनेजर दोघंही तिथे घुसायला बघत. दोघांनाही ती सारख्याच शब्दांत हाकलायची.

पण तिचं खरं काम नेमणुकीच्या कागदात नव्हतं. इथे माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत. घर सोडतात, धुरी देतात, अंगण झाडून त्याची पावलं पुसतात, फोटो उचलून ठेवतात. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर त्यालाही मग कुमंजाई म्हणायचं, म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही तो. संगणकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा साखर तपासायला आलेल्या एका म्हातारीसमोर मी पडदा फिरवला, आणि त्यावर आठवड्यापूर्वी गेलेल्या तिच्या नवऱ्याचा फोटो, खाली नाव. म्हातारी उठून गेली ती पाच महिने फिरकली नाही. आली तेव्हा तिचा पाय कापावा लागला. ती चूक माझी होती, आणि मला ती कुणी बोलून दाखवली नाही.

त्यानंतर डेल्माने आपणहून सुरू केलं. कुणी गेलं की ती मागच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायची. नाव जिथे जिथे असेल तिथून काढून कुमंजाई घालायची, फोटो उतरवायची, डॉक्टरांपुरता नुसता नंबर ठेवायची. दोन-अडीच तास लागत. बाहेर झाडाखाली घरची माणसं बसलेली असत. ती येऊन एवढंच म्हणायची, "बंद झालं." मग ती माणसं पुन्हा दवाखान्यात पाऊल टाकत. गावात तिला मान होता तो या दोन शब्दांचा.

फोनची सुरुवात मीच केली, हे आधी सांगून टाकते. दवाखान्याचा कॅमेरा मोडला होता आणि नवा येता येत नव्हता, तेव्हा जखमांचे फोटो मी माझ्याच फोनवर काढून डॉक्टरांना पाठवायला लागले. मग ड्रायव्हरने पुराने तुटलेल्या रस्त्याचे पाठवले, मग सगळ्यांनी सगळ्याचे. ग्रुप झाला. ज्या यंत्रावर घरी पोरं खेळत होती त्याच यंत्रावर आमचा दवाखाना चालायला लागला, आणि खरं सांगायचं तर बरा चालायला लागला. अ‍ॅलिसच्या मुख्य कचेरीने हे पाहिलं आणि ठरवलं की मग खोका हवाच कशाला. सगळं क्लाउडवर जाईल, पाळ्यांचा तक्ता ज्याच्या त्याच्या फोनवर येईल. कर्स्टी नावाची मॅनेजर आमची मतं विचारायला विमानाने आली. मी म्हटलं, झकास. डेल्माने एकच विचारलं, मग नाव बंद कुठून करायचं? कर्स्टीने ते वहीत लिहून घेतलं आणि वहीसकट परत गेली.

महिन्याभरात खोका पिकअपमध्ये टाकून नेला. खोलीत डायपरचे बॉक्स आले. डेल्माला आठवड्याचे दोन दिवस काम उरलं आणि एक हेल्पलाइनचा नंबर मिळाला. क्लाउड म्हणजे नेमकं कुठे, असं तिने दोन-तीन जणांना विचारलं. सिडनी, म्हणाला एक. दुसरा म्हणाला सिंगापूर. तिने विचारणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमचा ड्रायव्हर गेला. कूळनाव जकमारा, वय चौतीस, डेल्माच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याचं स्वतःचं नाव मी इथे लिहिणार नाही. लहानपणी घसा दुखला होता, त्याकडे कुणी धड पाहिलं नाही, आणि त्यातून हृदयाची झडप गेली. इथल्या कितीतरी पोरांची हीच गत आहे आणि एकोणीस वर्षांनंतरही मला त्याचा संताप येतो. रुग्ण घेऊन अ‍ॅलिसला जाताना त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि गेला. मागे झोपलेल्या बाईला काही झालं नाही.

त्याची आई नपनांका, म्हणजे डेल्माची वहिनी, आमच्याकडेच साफसफाईला होती. ती गावाबाहेर दुखवट्याच्या छावणीत जाऊन बसली. गेलेल्याची आई अशा वेळी बोलत नाही, वर्षभर, कधी त्याहून जास्त. सांगायचं ते हाताच्या खुणांनी. अंगाला पांढरी माती फासलेली, भोवती बायका, कुणाचा शब्द नाही. आणि तिच्या मांडीवर फोन.

छावणीत फोन कशाला, असं मुख्य कचेरीतल्यांनी नंतर मला विचारलं. अरे, तो तिचा होता. नातवंडांचे फोटो त्यात होते, अ‍ॅलिसला डायलिसिसवर असलेली बहीण त्यात रोज दिसायची. दवाखाना त्यात मागाहून शिरला. पूर्वी कामाचं यंत्र कामावर राहायचं. आता तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता छावणीत तिचा फोन बोलला. आजचा ड्रायव्हर अमुक अमुक. नपनांकाला डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून तिचा फोन आलेलं सगळं मोठ्याने वाचतो, आणि ती सोय मीच तिला लावून दिली होती. मी धावत गेले आणि तक्त्याचं अ‍ॅप तिच्या फोनवरून काढून टाकलं. पण गावात असे फोन एकतीस होते. कधी दुकानात, कधी चर्चच्या पायरीवर, कुणाच्या तरी हातात तक्त्यावरचा त्याचा हसरा चेहरा उजळायचा. माणसं कामावर येईनात. आया पोरांना इंजेक्शनाला आणीनात.

नपनांकाने डेल्माला खुणेने सांगितलं, बंद कर. डेल्माने मान हलवली. वहिनीला नाही म्हणायची तिची टाप नव्हती, आणि नाही म्हणावं असं तिला वाटतही नव्हतं.

कर्स्टीला फोन लावला. ती हळहळली, पण मृत्यूचा दाखला यायला पाच आठवडे लागतील म्हणाली. तोवर नोकरी सोडल्याचा फॉर्म भरता येईल, त्यात राजीनामा, बदली, बडतर्फी असे रकाने होते. वारल्याचा नव्हता. लवकर हवं असेल तर हेल्पलाइन, आणि आमच्या दवाखान्यातून तिथे नोंदलेलं माणूस एकच, डेल्मा. तिने लावला. पलीकडचा माणूस अतिशय गोड. सुरक्षेसाठी कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव तोंडाने सांगा, म्हणाला. डेल्माने नंबर दिला, जन्मतारीख दिली, आईचं नाव दिलं. तो म्हणाला, एवढ्याने माणूस सापडतो, पण खात्री होत नाही. डेल्माने फोन ठेवला.

मी म्हटलं, "मी घेते नाव. मीच डेल्मा म्हणून सांगते, त्याला काय कळतंय?"

"तूही त्याची आत्याच आहेस," ती म्हणाली. "एकीचं तोंड विटाळेल तेवढं पुरे."

मला तिचा राग आला. एवढ्याशा गोष्टीवर इतकं अडून बसायचं म्हणजे काय, असं मी मनात म्हटलं, आणि पुन्हा आग्रह केला नाही. करायला हवा होता. माझ्या तोंडाने ते नाव गेलं असतं तर त्याची किंमत एवढी पडली नसती.

सहाव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, मला धावपट्टीवर ने. गावापासून लांब जाऊनही फोनला रेंज राहते ती तिथपर्यंतच. मी गाडी पट्टीच्या टोकाला उभी केली. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. तिने चारही काचा वर करायला लावल्या आणि एसीही बंद करायला लावला, वाऱ्याबरोबर काही जाऊ नये म्हणून. मग नंबर लावला. वीस मिनिटं संगीत ऐकलं. तोच माणूस की दुसरा कोण जाणे, पण गोडवा तोच.

तिने नाव घेतलं, अगदी हळू.

"माफ करा मॅडम, आवाज तुटतोय. पुन्हा सांगता?"

तिने पुन्हा घेतलं. मी समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

"आडनाव ऐकू आलं. पूर्ण नाव एकदा मोठ्याने सांगा, मॅडम."

तिने ते मोठ्याने सांगितलं. त्या बंद गाडीत ते माझ्या कानाला लागलं, आणि त्या पोरासाठी मी सहा दिवसांत पहिल्यांदा रडले. तो म्हणाला, धन्यवाद, खातं बंद केलंय, आणखी काही मदत करू का? डेल्माने पाण्याचा कॅन उचलला, खाली उतरली आणि कॅन रिकामा होईपर्यंत चुळा भरत राहिली.

तिथून आम्ही थेट छावणीत गेलो. बायकांनी वाट करून दिली. डेल्मा वहिनीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बंद झालं." नपनांकाने तिचं मनगट धरलं आणि धरून ठेवलं. इतक्या दिवसांत तिचे खांदे पहिल्यांदा खाली आलेले मी पाहिले. मला वाटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात मांडीवरचा फोन बोलला. आता अ‍ॅप नव्हतंच त्यात, साधा मेसेज होता, कर्मचारी कमी झाला की सगळ्यांना आपोआप जाणारा. फोनमधल्या बाईने प्रसन्न आवाजात नाव वाचलं, आडनावासकट, आणि म्हणाली, यांनी आपला चमू सोडला आहे, त्यांना शुभेच्छा द्या. आजूबाजूच्या पिशव्यांमधूनही एकापाठोपाठ एक फोन थरथरले.

जो आक्रोश उठला तो मी सांगत बसत नाही. नपनांकाने डेल्माचं मनगट सोडलं. त्याच दुपारी छावणी उठली आणि चाळीस किलोमीटर लांब, दुसऱ्या विहिरीवर गेली. डेल्माला कुणी चल म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात कर्स्टीचं पत्र आलं, तिला फार वाईट वाटलं होतं, पण तो मेसेज आपोआप जातो आणि आमच्या एकट्या दवाखान्यासाठी तो थांबवता येत नाही.

त्या दिवसापासून डेल्मा बोलत नाही. आत्याला मौन धरावं लागत नाही, म्हाताऱ्या बायकांनी तिला समजावून सांगितलं. ती ऐकून घेते आणि हाताने सांगते, चहा घ्या. हेल्पलाइनवर आवाज लागतो, म्हणून तिचे दोन दिवसही गेले. कागदावर कारण आहे, संपर्कासाठी उपलब्ध नाही. मी रोज कामावरून परतताना तिच्याकडे थांबते. आधी मी एकटीच बडबडायचे. आता मीही हातानेच बोलते, माझ्या खुणा चुकल्या की ती हसते, पण आवाज न करता.

या एप्रिलमध्ये बायकांनी नपनांकाचं मौन सोडवलं. दुसऱ्याच दिवशी ती चालत डेल्माच्या ओट्यावर आली. मी होतेच. तिघींचा चहा झाला. चौदा महिने न वापरलेला तिचा आवाज जाड झाला होता.

"वन्सं," ती डेल्माला म्हणाली, "माझं तोंड सोडवलं. आता तुमचंही सोडवू. ते यंत्र बोललं ते काही तुम्ही नव्हे."

डेल्मा खाली बघत राहिली. मग नपनांका माझ्याकडे वळली.

"सिस्टर, तू होतीस गाडीत. ह्यांनी किती वेळा घेतलं?"

"एकदाच," मी म्हटलं. "आणि तेही अगदी हळू. मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही."

"एकदा होय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा निवळला. "एकदाचं मला पचवता येईल."

डेल्माने मान वर केली. माझ्याकडे बघितलंही नाही. वहिनीसमोर हात धरला आणि तीन बोटं वर केली.

नपनांकाने ती बोटं मोजली. मग तिने अर्धा चहा तसाच खाली ठेवला, उठली, आणि आली तशी उन्हातून परत गेली. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी डेल्माचा हात वरच होता. शेवटी मीच तो धरून खाली केला.