धुतलेले हातमोजे

अगं, जवळ ये जरा. कागदावरूनच का होईना, कान धरायचाय तुझा. ठाण्यात बालवाडीवर लागलीस आणि परवा फोनवर ऐटीत सांगतेस, मावशी, दर सणाला मुलांना घरून एक वस्तू आणायला लावते, तिला थँक्यू म्हणायला शिकवते. त्यांच्या घरी आधी विचारतेस का? नाही ना. मीही विचारलं नव्हतं.

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगच्या खालच्या खोलीत माझी बालवाडी होती. खंडेनवमीला पोरांना सांगायचे, तुमचं घर ज्याच्यावर चालतं ते आणा, आपण पूजा करू. कुणी रिक्षाची किल्ली आणायचं, कुणी आईची कात्री. एकाने टीव्हीचा रिमोट आणला. म्हणाला, 'बाबा हेच चालवतात.'

त्या वर्षी साडेचार वर्षांची एक मुलगी बापाचे रबरी हातमोजे घेऊन आली. बाप केमिकलच्या कारखान्यात. हात भाजून घरी बसलाय, एवढंच मला माहीत. मोजे डागाळलेले, बोटांशी भोकं पडलेली. पूजेची वस्तू धुऊनपुसून मांडायची, ही आपली रीत. मी साबण लावला, ब्रशने घासून लख्ख केले. हळदकुंकू वाहिलं. पोरीने हात जोडले, 'थँक्यू मोजे.'

संध्याकाळी आईबाप दोघं दारात. त्याच्या दोन्ही हातांना बँडेज.

'बाई, कपाटामागे बांधून ठेवलेले,' आई म्हणाली. 'कामगार खात्याचे साहेब येणारेत तपासायला. कंपनी म्हणते, हा मोजे न घालताच काम करत होता.'

'भोकं आहेत ना अजून,' मी म्हटलं.

'भोकं उंदीरपण पाडतो,' तो म्हणाला. 'ॲसिडचा डाग होता, बाई. तेवढाच होता आमच्याकडे.'

ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

साहेबाने मोजे नाकाशी नेले. साबणाचा वास. मी स्वतः जाऊन सांगितलं, धुतले मी. त्याने मान डोलावली, लिहिलं काही नाही. कंपनीचं म्हणणं तेवढं कागदावर राहिलं. त्याची नोकरी गेली ती गेलीच.

मुलगी परत आली नाही. पुढे रस्त्यात दिसली की आईच्या मागे लपायची. शेजारीण म्हणाली, घरात येताजाता तिलाच बोलतात, तूच नेलेस मोजे. चिमुरड्या पोरीला. मला तेच खातं. नेले तिने, पण डाग मी घालवला, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

आता ती दहावीला आहे. स्टेशनपलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोनदा गेलेले, आईने दारातूनच परत पाठवलं. आता एकटीने जिना चढवत नाही आणि धीरही होत नाही. या रविवारी ये गं. दोघी जाऊ.