पहिल्या रांगेतला सोफा

दुपारचं जेवण उरकून अनसूयाबाई खटावकर आडव्या झाल्या आहेत, पण डोळा लागेल तर शपथ! पलीकडच्या खोलीत त्यांच्या नणंदबाई, शालनवन्सं, टीव्हीपुढं बसून रडताहेत. मालिकेतली सून आज घर सोडून चाललीय. मागच्या महिन्यातही ती गेलीच होती, मग परत आली, आता पुन्हा निघालीय. वन्सं दोन्ही वेळा सारख्याच इमानानं रडल्या. पदर तोंडात, नाकाची सूं सूं, मध्येच "अगं बाई गं, काय हे पोरीचं नशीब!" आणि जाहिरात लागली रे लागली की सगळं बंद. चिवड्याच्या डब्याचं झाकण खटकन उघडतं. जाहिरात संपली की झाकण बंद आणि नाक सुरू.

अनसूयाबाई कूस बदलतात. या नाक ओढत रडण्याची त्यांना मनापासून किळस आहे. नाटक बघायचं तर गप बसून बघावं. आत काय व्हायचं ते आत होऊ द्यावं. चारचौघांत नाक शिंकरून 'बघा हो, मला किती मन आहे' असं सांगत सुटायचं, म्हणजे निव्वळ थेरं!

आणि नशिबाचा खेळ बघा, त्यांना नवरा मिळाला तो गावातला सगळ्यात मोठा रडका.

जनार्दन खटावकर, भांड्यांचे दुकानदार. जन्मात कधी त्यांनी तोंडाला रंग लावला नाही, पण सगळं कराड त्यांना नाटकामुळंच ओळखायचं. ते रडायला लागले की पितळेची परात जिन्यावरून घरंगळत आल्यासारखं वाटायचं. पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. हौशी मंडळातले नट पडद्याच्या फटीतून आधी त्यांना शोधायचे. 'खटावकर शेठ रडले म्हणजे नाटक पास,' असं ठरूनच गेलं होतं. शेजारच्या खुर्चीवर अनसूयाबाई, तोंडावरची रेषही न हलवता. लोक शेठकडं बघून हळहळायचे आणि बाईंकडं बघून कुजबुजायचे. एकदा लाजेकाजेनं त्या बायकांच्या घोळक्याबरोबर वर गॅलरीत जाऊन बसल्या, तर त्या दिवशी हे ठोंब्यासारखे बसून राहिले. घरी येऊन म्हणाले, "काही दम नव्हता नाटकात." अनसूयाबाईंना वाटलं, रुसलेत.

जनार्दनरावांना जाऊन वर्ष झालं. आज संध्याकाळी मंडळ त्यांच्या स्मरणार्थ त्यांचं आवडतं नाटक करतंय, बापलेकीचं. त्यातल्या बापाला मरायला अर्धा अंक लागतो. सकाळी मंडळाचे सेक्रेटरी देशमाने हात जोडून आले होते. "वहिनी, बाकी सगळ्यांना त्या जुन्या लोखंडी खुर्च्या. तुमच्यासाठी मात्र पहिल्या रांगेत सोफा टाकलाय. अगदी मध्यभागी. खाली गालिचासुद्धा!"

मध्यभागी कशासाठी, ते न कळायला अनसूयाबाई काय कुक्कुलं बाळ आहेत? नाटक बघायला कोण येणार! सगळे अनसूयाबाईंचं तोंड बघायला येणार. मयताच्या दिवशी बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आता तरी येतंय का बघू. 'दगड आहे दगड,' असं दहाव्याच्या स्वयंपाकात बायका म्हणाल्या होत्या, तेही भाजी चिरताना, यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

जायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलंय. गाव गेलं खड्ड्यात. फक्त एकच गोष्ट वर्षभर काट्यासारखी सलते आहे. गाव म्हणालं ते म्हणालं, पण हेसुद्धा तसंच समजून गेले असतील तर? दगडाशी संसार केला, असं मनात धरून त्यांनी डोळे मिटले असतील तर? आता विचारायचं कुणाला!

पलीकडं नाक सुरू होतं. सूं सूं. मग ती सूं सूं एकीची राहत नाही, पुष्कळ जणांची होते. कुणी खोकतं, कुणी पोराला दटावतं, तिसरी घंटा होते. अनसूयाबाई कॉटवर पडल्यात, पण कॉट उभी राहून लोखंडी खुर्ची झाली आहे, आणि शेजारच्या खुर्चीवर जनार्दनराव बसले आहेत. तोच पांढरा शर्ट, खिशाला पेन.

"रुमाल घेतलात का?" त्या सवयीनं विचारतात.

"नाही लागत आता."

"म्हणजे?"

"तिकडंही नाटकं होतात गं. रोज असतात. पण मला रडूच येत नाही."

"बरं झालं. तिकडच्यांच्या कानांचं भाग्य."

एरवी अशा बोलण्यावर ते खो खो हसायचे. आज हसत नाहीत. चेहरा पुसून ठेवलेल्या ताटासारखा कोरा. अनसूयाबाईंना ते बघवत नाही. इतकी वर्षं त्याच तोंडाची तर त्यांना लाज वाटत आली होती.

पडदा वर जातो तर आत दुकान आहे. हंडे, कळश्या, घमेली एकावर एक रचून बसली आहेत आणि सगळ्यांची तोंडं यांच्याकडं. गल्ल्यावर बाप मरायला टेकलाय, पोरगी त्याचे पाय धरून बोलते आहे. बोलते आहे ते ऐकू येत नाही. जनार्दनराव कान पुढं करून ऐकतात, मग हताशपणे मान हलवतात.

"बघ. काही म्हणजे काही कळत नाही."

"त्यात न कळायला काय झालं? आयुष्यभर याच जागेला भोकाड पसरलंत की!"

"तेव्हा तू शेजारी असायचीस."

"मी काय कानात सांगत होते?"

"कानात नाही. पायानं."

अनसूयाबाई डोळे वटारतात. मेल्यावर माणसाला शहाणपण येतं म्हणतात, यांचं तर होतं तेही गेलेलं दिसतंय.

"डोळे नको वटारूस," जनार्दनराव म्हणतात. "अगं, दिवसभर भांडी आपटून माझे कान गेलेले. त्यात ती जड जड वाक्यं. निम्मं नाटक डोक्यावरून जायचं. पण तुझं जोडवं वाजलं की मला कळायचं, आली रडायची जागा."

"कुठलं जोडवं?"

"उजव्या पायाचं. खुर्चीच्या लोखंडी पायावर. टक्. एकदाच. वर तुझं तोंड भिंतीसारखं आणि खाली टक्."

अनसूयाबाईंना शांतिनाथ सोनार आठवतो. उजवं जोडवं सारखं चेपतं म्हणून दरवेळी त्याच्याकडं न्यावं लागायचं, आणि तो दरवेळी म्हणायचा, "बाई, चालताय का लाथा मारताय?" पाय आपटतो म्हणून त्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला दोष द्यायच्या.

"आणि मग तुम्ही गळा काढायचात," त्या म्हणतात.

"मग काय करू? कुणीतरी रडायला नको? तू जोडवं वाजवून मोकळी!"

"म्हणजे गावानं तुम्हाला रसिक म्हणून डोक्यावर घेतलं, ते माझ्या पायाच्या जिवावर?"

"हो."

"नारळ घेतलात, शाली घेतल्यात!"

"हो."

"लबाड कुठले!"

"हो गं. गॅलरीत जाऊन बसलीस ना, त्या दिवशी उघडाच पडणार होतो. वाचलो कसाबसा."

अनसूयाबाईंना असा संताप येतो की समोरचा तांब्या उचलून घालावा यांच्या डोक्यात. रसिक म्हणे! एवढं गाव, एवढे ते नट, ते देशमाने, सगळे मिळून एका भांडीवाल्याच्या तोंडाकडं बघत बसले, आणि तो भांडीवाला ऐकत होता बायकोचं जोडवं. नाटक बघत होतं तरी कोण मग? त्या तांब्याला हात घालतात. हाताला लागतो तो थंडगार लोखंडी कठडा. दवाखान्यातल्या कॉटचा. हंडे-कळश्या गेल्यात. जनार्दनराव कॉटवर आहेत, नाकात नळी, डोळे मिटलेले. अनसूयाबाई पायथ्याशी उभ्या आहेत, त्या दिवशी होत्या तशाच, ओठ घट्ट मिटून. वन्सं भिंतीला टेकून मोठमोठ्यानं रडताहेत.

विचारायचं ते आता विचारायला पाहिजे. पण असलं काही विचारायची सवय कुठाय त्यांना! मोठ्या मुश्किलीनं त्या म्हणतात, "या दिवशी... या दिवशी काय वाटलं हो तुम्हाला?"

"कशाचं?"

"माझं. मी अशीच उभी होते."

"अशीच?" मिटल्या डोळ्यांनी जनार्दनराव म्हणतात. "अगं, कॉटच्या पायावर इतकं वाजत होतं, की ती नर्स मघाशी बाथरूममध्ये जाऊन बघून आली, नळ गळतोय का म्हणून. शालनचं रडणं तर मला ऐकूच आलं नाही. मी तेच ऐकत पडलो होतो, शेवटपर्यंत."

अनसूयाबाईंचा चेहरा मात्र जिथल्या तिथं असतो.

"आज यावं म्हणतो नाटकाला," ते म्हणतात. "पाय दाखव बघू."

"इश्श! काहीतरीच काय!"

"दाखव म्हणतो ना." ते कॉटवरून वाकून बघतात. बोट मोकळं आहे. "काढलीस होय?"

"काढली कुठली! काढायला लावली. तुमच्या बहिणीनंच ओढून काढली, रडत रडत."

जनार्दनराव हात लांब करून उजव्या पायाचं बोट चिमटीत धरतात, आणि चांगलं करकचून दाबतात. अनसूयाबाई ओरडतात, "अहो, दुखतंय!"

त्या उठून बसल्या आहेत. पलीकडं डब्याचं झाकण वाजतं, म्हणजे जाहिरात लागली असणार. खिडकीतून ऊन कॉटवर आलंय. उजव्या पायाचं बोट ठणकतंय. त्या पाय जवळ ओढून बघतात. जोडवी काढल्यावर बोटावरचा खोलगट वळ वर्षभरात भरून आला होता, कातडी सारखी झाली होती. आता तिथं लालबुंद वळ आहे, आत्ताच घट्ट जोडवं काढल्यासारखा, आणि वळाच्या कडेला चांदीचा काळसर डाग. त्या अंगठा लावून डाग पुसून बघतात. अंगठ्याला लागतो.

मग त्या उठतात, कपाटातली स्टीलची डबी काढतात. दोन्ही जोडवी आत आहेत. उजवं चेपलेलं, शेवटचं सोनाराकडं न्यायचं राहूनच गेलेलं. डावं त्या डबीत परत टाकतात. उजवं बोटात सरकवतात. ते नेमकं त्या लाल वळावर बसतं.

टक्, टक् करत त्या बाहेर येतात. वन्संच्या हातातला चिवडा हातातच राहतो.

"वहिनी! अहो, हे काय घातलंय पायात! लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणायचं ते म्हणून बसलीत वर्षापूर्वीच. त्या देशमान्यांना फोन लावा."

"येत नाही म्हणून सांगू?"

"येते म्हणून सांगा. आणि म्हणावं, तो सोफा आणि गालिचा उचला तिथनं. मला लोखंडी खुर्ची पाहिजे. दोन ठेवा, शेजारी शेजारी."

"दुसऱ्यावर मी बसू होय?" वन्संचे डोळे लगेच भरून येतात, पदर तोंडाकडं जातो.

"तुम्ही पार मागं बसा," अनसूयाबाई म्हणतात. "तुमच्या नाकाच्या आवाजात त्यांना ऐकू जायचं नाही."